वही कोणाच्या हातात?

मागच्या महिन्यात गुंजवण्याला जाऊन आलो. राजगड चढायला नव्हे. गुडघ्यांनी ती परवानगी केव्हाच काढून घेतली आहे. नसरापूर, मार्गासनी, साखर असे करीत पायथ्यापर्यंतच गेलो. माझा एक जुना विद्यार्थी तिथे किराणा मालाचे दुकान चालवतो आणि चोरदरवाज्याच्या वाटेने गडावर जाणाऱ्या मंडळींना शनिवार-रविवारी पिठले-भाकरी करून घालतो. त्याची मुलगी पुण्यात संगणकाचे शिक्षण घेते आहे. वडिलांच्या दुकानासाठी ती मोबाइलचे अ‍ॅप तयार करीत होती आणि "त्यातले मराठी शब्द सरांनी एकदा बघून द्यावेत" असा निरोप होता. मला त्यातले काय कळणार, असे म्हणतच गेलो, आणि पहिल्याच शब्दाला अडकलो.

तिने दोन बटणे केली होती, 'क्रेडिट' आणि 'डेबिट'. मी तिच्या वडिलांना विचारले, "गिऱ्हाईक उधार तेल घेऊन गेले तर कुठले बटण दाबशील?" तो म्हणाला, "क्रेडिट. क्रेडिटवरच नेलं ना सर त्यानं." मुलगी म्हणाली, "नाही पप्पा, डेबिट." इंग्रजीत उधारीलाही क्रेडिट म्हणतात आणि जमेलाही. दुकानदाराने चुकीचे बटण दाबले, तर देणे असलेल्या माणसाचे येणे निघायचे!

आपल्या जुन्या वहीत हा घोटाळा नव्हता. माल उधार दिला की गिऱ्हाइकाच्या 'नावे' टाकायचा, पैसे आले की त्याच्या खाती 'जमा' करायचे. दिवसभरात जे घडेल ते ओळीने कीर्दीत लिहायचे आणि मग माणसागणिक खतावणीत उतरवायचे. हे शब्द इतके मुरलेले आहेत की जमा, खर्च, बाकी, वसूल हे मुळात अरबी-फारसीतून आले, हे कुणाच्या ध्यानातही येत नाही. शिवछत्रपतींच्या आज्ञेने राजव्यवहारकोश रचला गेला, त्यात दरबारातल्या फारसी-अरबी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले आहेत. कितीतरी शब्द त्यामुळे बदलले, पण जमाखर्च जमाखर्चच राहिला. हिशेबाचा शब्द लोकांच्या तोंडी बसला की राजाज्ञेनेही सहजी हलत नाही. तेव्हा बटणांवर 'नावे' आणि 'जमा' हेच शब्द घालायचे ठरले.

दुसरा प्रश्न खाडाखोडीचा आला. तिच्या अ‍ॅपमध्ये चुकलेली नोंद पुसता येत होती, आणि पुसली की मागमूस राहत नव्हता. मी म्हटले, हे नको. पूर्वी पोथी लिहिताना अक्षर चुकले की त्यावर हरताळ नावाचे पिवळे खनिज फासून ते झाकीत. 'हरताळ फासणे' हा वाक्प्रचार तिथलाच. पोथीत ते चालते, हिशेबात नाही. वहीत चूक झाली तर ती तशीच ठेवून खाली दुरुस्तीची उलट नोंद करायची, म्हणजे उद्या कुणी विचारले तर काय झाले ते दाखवता येते. मुलीला हे पटकन पटले. "म्हणजे डिलीटचं बटणच काढून टाकू," ती म्हणाली.

इथवर सगळे सोपे होते. पण घरी परतल्यावर मला वारंवार आठवत राहिले ते १८७५ साल.

१२ मे १८७५. पुणे जिल्ह्यातले सुपे हे बाजाराचे गाव. त्या दिवशी आसपासच्या गावांतले शेतकरी जमले आणि त्यांनी सावकारांवर हल्ला केला. पाहता पाहता हे लोण पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांत पसरले. इतिहासात याला दख्खनचे दंगे म्हणतात. (गुंजवण्याचा मुलूख तेव्हा पंतसचिवांच्या भोर संस्थानात होता, सुपे इंग्रजी अंमलात.) शाळेत हा धडा शिकवताना मी मुलांना मुद्दाम विचारीत असे, की चिडलेल्या माणसांनी सावकाराच्या घरातले काय नेले असेल? मुले म्हणत, सोने, धान्य, पैसे. काही ठिकाणी धान्याची दुकाने लुटली गेली हे खरे, पण जमावाला मुख्यतः हवी होती ती कर्जखते आणि वह्या. त्या हिसकावून जाळल्या गेल्या. माणसांच्या जिवावर उठण्याचे प्रकार फार थोडे.

असे का झाले? अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ या काळात इथल्या कापसाला सोन्याचा भाव आला होता आणि कर्ज मागेल त्याला मिळत होते. युद्ध संपले, भाव कोसळले, कर्ज मिळेनासे झाले आणि त्याच सुमारास सरकारने शेतसारा वाढवला. पण एवढ्याने वह्या का जाळाव्यात, ते कळत नाही. त्यासाठी १८५९ चा मुदतीचा कायदा पाहावा लागतो. कर्जखत तीनच वर्षे ग्राह्य धरायचे, म्हणजे व्याज साचत जाणार नाही, असा त्यामागचा चांगला हेतू. सावकारांनी काय केले? दर तीन वर्षांनी थकलेले व्याज मुद्दलात मिळवून कुळाकडून नवे खत लिहून घ्यायला सुरुवात केली. कूळ अंगठा उठवी. खतात काय लिहिले आहे, ते त्याला वाचता येत नसे. मग ती मोडी असो, नाहीतर सावकाराच्या मुलखातली दुसरी लिपी. फेडलेल्या रकमेची पावती मिळत नसे. हिशेब दोघांचा, पण वही एकाचीच.

सरकारने नेमलेल्या आयोगाच्या चौकशीनंतर १८७९ साली दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला. त्यातली अटक आणि जमिनीबद्दलची कलमे आपण वाचतो, पण मला महत्त्वाचे वाटते ते एक साधे प्रकरण. शेतकऱ्याला पैसे दिल्याची लेखी पावती मिळाली पाहिजे, मागितल्यास वर्षाचा हिशेब मिळाला पाहिजे आणि तो उतरवून दिलेले पासबुक त्याच्या हाती असले पाहिजे! सबंध जमाखर्चाच्या इतिहासात मला ही मोठी गोष्ट वाटते. देणेकऱ्याच्या हातातही एक वही.

आता पुन्हा त्या अ‍ॅपकडे येतो. ११ एप्रिल २०१६ रोजी यूपीआय आले, त्याच वर्षी नोव्हेंबरात नोटाबंदी झाली आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत खाताबुक, ओकेक्रेडिट अशी उधारीच्या वहीची अ‍ॅप्स दुकानदारांच्या हाती आली. नोंद केली की गिऱ्हाइकाला संदेश जातो, ही त्यांतली सोय. माझ्या दृष्टीने ही १८७९ च्या पासबुकाचीच नात. बेरीज यंत्राने केली याचे कौतुक थोडे. बेरीज आमचे वाणी तोंडीही करीत. कौतुक याचे, की नोंद एकाच वेळी दोन्ही हातांत पडते.

मुलीला मी हे फोनवर सांगितले. ती म्हणाली, "सर, संदेश मराठीत पाठवला तर महाग पडतो." साध्या एसएमएसमध्ये इंग्रजीची १६० अक्षरे मावतात, देवनागरी मात्र ७०च, आणि त्यात काना-मात्राही वेगळे मोजले जातात. जरा लांबला की एकाचे दोन संदेश होतात. मी म्हटले, मग थोडक्यात लिहू, पण ज्याला वाचायचे आहे त्याच्या लिपीत लिहू. नाहीतर मोडी जाऊन इंग्रजी आली, एवढाच फरक! नाव, आजचे नावे, आजचे जमा, एकूण बाकी. बसवले कसेबसे. शिवाय डोंगराच्या कुशीत रेंज येते-जाते, म्हणून नोंद आधी फोनमध्येच राहील आणि रेंज आली की संदेश जाईल, अशी व्यवस्था तिने केली.

एक शंका मात्र तिच्या वडिलांनी काढली. "सर, सगळ्या गावाची उधारी त्या सर्व्हरवर जाणार. ती पेटी कुणाकडं?" प्रश्न अगदी बरोबर होता. पूर्वी वही दुकानाच्या पेटीत असे, किल्ली मालकाच्या कंबरेला. आता ती कुठल्यातरी दूरच्या यंत्रात. २०२३ साली संसदेने वैयक्तिक माहितीच्या रक्षणाचा कायदा संमत केला; आपल्याबद्दलची माहिती मागण्याचा आणि दुरुस्त करून घेण्याचा हक्क त्यात लिहिलेला आहे. पण १८५९ चा कायदाही कुळाच्या भल्यासाठीच केलेला होता, हे विसरून चालत नाही. कागदावरचा हक्क माणसाला वाचता आणि मागता आला पाहिजे. शेवटी मुलीने वही दुकानाच्याच फोनमध्ये ठेवायची आणि तिची एक प्रत घरच्या संगणकावर, असे ठरवले. तिच्या शिक्षकांना हे जुनाट वाटेल, असे तीच हसत म्हणाली.

आणि एक गोष्ट आमच्या दोघांच्याही डोक्यात आली नव्हती. गावातल्या एका आजींकडे मोबाइल नाही. त्यांच्या उधारीचा संदेश नातवाच्या फोनवर जाऊ लागला. दुसऱ्याच दिवशी आजी दुकानात आल्या आणि म्हणाल्या, "माझी चहापत्ती पोराला कशाला कळवतोस रे?"

दुकानदाराने त्यांच्यासाठी दहा रुपयांची छोटी वही आणली. अ‍ॅपमधली नोंद तो त्यात आपल्या अक्षरात उतरवून देतो आणि वही आजींच्या पिशवीतच राहते. बाकी किती, ते त्या दुसरी शिकणाऱ्या शेजारच्या मुलीकडून वाचून घेतात. मुलीने अ‍ॅपमध्ये आता एक चौकोन वाढवला आहे, 'संदेश नको, वहीत लिहा'.

त्या चौकोनाचे शब्द मी तपासले. एकही बदलावा लागला नाही.