रेन, सकाळी आठचा डोस

जुलै 2015. फ्रान्समधल्या रेन शहरात बायोट्रायल या संस्थेने पोर्तुगालच्या बियाल कंपनीच्या ‘बीआयए 10-2474’ या औषधाची पहिली मानवी चाचणी सुरू केली. शरीर स्वतःच आनंदामाइड हे गांजासदृश रसायन बनवते. ‘फाह’ नावाचे विकर ते मोडते. विकर अडवले की आनंदामाइड टिकेल, वेदना कमी होतील, असा बेत.  

एकदाच द्यायचा डोस 100 मिलिग्रॅमपर्यंत गेला. मग दहा-दहा दिवस, रोज : 2.5, 5, 10, 20. गंभीर काही घडले नाही. फाह 5 मिलिग्रॅमलाच पूर्ण बंद पडत होते, असे तज्ज्ञ समितीने नंतर नोंदवले. पुढचा टप्पा ठरला 50.

बुधवार, 6 जानेवारी 2016. आठ निरोगी स्वयंसेवक. सहा जणांना औषध, दोघांना औषध नसलेली मात्रा. मानधन 1,900 युरो.

रविवार, 10 जानेवारी. पाचवा डोस. एकाला डोकेदुखी, धूसर दिसणे. संध्याकाळी त्याला विद्यापीठ रुग्णालयात हलवले. बाकीचे केंद्रातच राहिले.

सोमवार, 11 जानेवारी, सकाळी 8. उरलेल्या पाच जणांना सहावा डोस. रुग्णालयात गेलेल्याची प्रकृती कशी आहे, हे त्याआधी कुणी विचारले नाही. तो त्याच दिवशी कोमात गेला. चाचणी तेव्हा थांबली.

पुढच्या दिवसांत आणखी चौघांना त्रास सुरू झाला. एमआरआयमध्ये मेंदूच्या खोल भागात, दोन्ही बाजूंना सारख्याच इजा.

गुरुवार, 14 जानेवारी. औषध नियामकांना कळवले गेले. दुसऱ्या दिवशी आरोग्यमंत्री मारिसोल तुरेन यांना सांगावे लागले, की औषधात गांजा नाही. तोवर गांजा असल्याच्या बातम्या पसरल्या होत्या.

रविवार, 17 जानेवारी. पहिल्या स्वयंसेवकाचा मृत्यू.

2017 मध्ये लायडनच्या संशोधकांनी दाखवले, की हे औषध फाहखेरीज इतरही अनेक विकरे अडवते आणि चेतापेशींमधल्या मेदांची घडी विस्कटते. मृत्यूचे कारण मात्र त्यावरून सिद्ध झाले नाही.

सरकारी तपासणीने बायोट्रायलचे तीन गंभीर दोष नोंदवले : चाचणी वेळीच थांबवली नाही, सरकारला उशिरा कळवले, आणि उरलेल्या पाच जणांना नीट सांगून त्यांची संमती पुन्हा घेतली नाही.