जॅकी मॅक्लीन : चढ्या सुराचा गुरू

अमेरिकी जॅझमधील अग्रगण्य आल्टो सॅक्सोफोनवादक जॅकी मॅक्लीन (१९३१-२००६) यांचा सूर नेहमीच किंचित चढा लागे. काहींना तो खटके. रसिक मात्र दोन स्वरांतच वादक ओळखत.

मॅक्लीन न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात वाढले. वडील गिटारवादक होते, पण त्यांचे छत्र लवकर हरपले. वस्तीतच राहणारे पियानोवादक बड पॉवेल यांच्याकडे पोरसवदा वयात त्यांची तालीम झाली. चार्ली पार्कर हे त्यांचे दैवत. १९५१ मध्ये, ऐन विशीत, माइल्स डेव्हिस यांच्या 'डिग' या ध्वनिमुद्रणात ते झळकले. त्यातील शीर्षकरचना मॅक्लीन यांचीच असल्याचे मानले जाते. श्रेय मात्र डेव्हिस यांच्या नावावर लागले. पुढे चार्ल्स मिंगस व आर्ट ब्लेकी यांच्या वाद्यवृंदांतही त्यांनी साथ केली.

याच काळात हेरॉइनच्या व्यसनाने त्यांना ग्रासले. त्या वेळी न्यूयॉर्कमध्ये मद्य मिळणाऱ्या क्लबांत वाजविण्यासाठी 'कॅबरे कार्ड' हा पोलिसी परवाना आवश्यक असे. अमली पदार्थांच्या प्रकरणामुळे तो रद्द झाला आणि ऐन उमेदीत घरच्याच शहरातील मैफली दुरावल्या. उरला तो स्टुडिओ. १९५९ ते १९६७ या काळात 'ब्लू नोट' कंपनीसाठी त्यांनी केलेले काम हे त्यांच्या वादनाचे शिखर म्हणावे लागेल. 'लेट फ्रीडम रिंग' (१९६२) मध्ये त्यांनी पार्करची चौकट ओलांडून सॅक्सोफोनला अक्षरशः किंकाळी फोडायला लावली. नव्या दमाच्या वादकांची पारखही त्यांना होती. १९६३ च्या 'वन स्टेप बियाँड'मधील तालवादक टोनी विल्यम्स अवघे १७ वर्षांचे होते. मॅक्लीन यांनीच त्यांना बॉस्टनहून आणले होते.

साठचे दशक सरताना मॅक्लीन कनेक्टिकट राज्यातील हार्टफर्ड विद्यापीठात शिकवू लागले. तेथे आफ्रिकी-अमेरिकी संगीताचा स्वतंत्र विभाग त्यांनी उभारला. १९७० मध्ये पत्नी डॉली व काही सहकाऱ्यांसह 'आर्टिस्ट्स कलेक्टिव्ह' ही संस्था काढून गरीब वस्त्यांतील मुलांना संगीत, नृत्य व नाट्याचे दालन खुले केले. मुले रस्त्यावर न राहता वाद्य हाती धरतील, हा त्यामागील हेतू. व्यसनाची किंमत मोजलेल्या या गुरूला त्याची निकड अधिक जाणवली असणार.

ट्रॉम्बोनवादक स्टीव्ह डेव्हिस व सॅक्सोफोनवादक जिमी ग्रीन हे त्यांचेच विद्यार्थी. पैकी डेव्हिस यांना त्यांनी स्वतःच्या संचातही घेतले. पुत्र रेने हेही सॅक्सोफोनवादक. १९८८ च्या 'डायनेस्टी'मध्ये पितापुत्र एकत्र ऐकायला मिळतात. २००० मध्ये विद्यापीठाने जॅझ विभागाला मॅक्लीन यांचे नाव दिले, तर २००१ मध्ये 'जॅझ मास्टर' हा राष्ट्रीय सन्मान त्यांना लाभला. ३१ मार्च २००६ रोजी हार्टफर्ड येथेच त्यांचे निधन झाले.