तीन कोटेशन, एक घर आणि बकिंगहॅम पॅलेस

मागच्या महिन्यात बाबांनी मला तीन कागदांचे फोटो पाठवले. आमच्या घराचं स्वयंपाकघर आणि बाथरूम नव्याने करायचं होतं, त्यासाठी तीन ठेकेदारांनी दिलेली कोटेशन्स. ३,१०,०००, ३,८५,००० आणि ४,६०,०००. खाली एक ओळ: "तू पीएचडी करतेस ना, मग सांग कुठलं घेऊ?" पैसे त्यांच्या निवृत्तीच्या रकमेतले होते. पहिल्याला ॲडव्हान्स द्यायला ते निघालेच होते.

मी म्हटलं, "बाबा, दोन दिवस थांबा."

का थांबवलं, ते सांगायला जरा मागे जावं लागेल. थेट लंडनला.

राजा चौथा जॉर्ज याने १८२० च्या दशकात बकिंगहॅम हाउसची दुरुस्ती काढली. वास्तुविशारद होता जॉन नॅश. संसदेने मंजूर केले १,५०,००० पौंड. राजाचं म्हणणं, खरा आकडा ४,५०,००० आहे. १८२९ पर्यंत खर्च पाच लाख पौंडांच्या जवळ गेला. १८३० मध्ये राजा वारला आणि नॅशची नोकरी गेली. पुढचं काम एडवर्ड ब्लोर याच्याकडे आलं.

ही गोष्ट सहसा "नॅश उधळ्या होता" एवढ्यावर संपवतात. तो उधळ्या होताच, पण संशोधक म्हणून आपण वेगळा प्रश्न विचारायला हवा: सुरुवातीचा अंदाज नेमका कशाचा होता? राजाला आधी शहरात राहण्यापुरतं एक सोयीचं घर हवं होतं. १८२६ च्या अखेरीस त्याचं मन बदललं आणि घराचा राजवाडा करायचं ठरलं. म्हणजे सुरुवातीचा आकडा एका वस्तूचा आणि शेवटचा दुसऱ्याच वस्तूचा. दोघांची थेट वजाबाकी केली की उत्तर येतं, पण त्याला अर्थ राहत नाही.

त्या काळी गवंडी, सुतार, प्लंबर अशा प्रत्येक कारागिराशी बहुतेक वेळा वेगळा करार व्हायचा आणि काम झाल्यावर मोजून पैसे दिले जायचे. पुढे थॉमस क्यूबिटसारख्या बिल्डरने सगळे कारागीर आपल्याच पगारावर ठेवून पूर्ण काम अंगावर घ्यायला सुरुवात केली. १८४७ मध्ये याच राजवाड्याची पूर्वेकडची बाजू बांधायला घेतली, तेव्हा आराखडा ब्लोरचा आणि बांधकाम क्यूबिटचं होतं. पूर्ण कामाच्या निविदा येऊ लागल्यावर नवीच अडचण उभी राहिली. प्रत्येक ठेकेदार आपापलं माप काढणार, मग तुलना कशाची करायची? त्यातून परिमाणांची एकच यादी आधी तयार करून सगळ्यांना देण्याची पद्धत रुजली. माप सगळ्यांचं एक, दर ज्याचा त्याचा.

आपल्याकडे डलहौसीच्या काळात, १८५४-५५ च्या सुमारास, सार्वजनिक बांधकाम खातं उभं राहिलं. या खात्याला कनिष्ठ अधिकारी मिळावेत म्हणून १८५४ मध्येच पुण्यात अभियांत्रिकीचा वर्ग सुरू झाला. परिमाण गुणिले दर ही अंदाजपत्रकाची शिस्त सरकारी कामात आजही दिसते. वाळू-खडीचा 'ब्रास' म्हणजे १०० घनफूट, हे तर गावातला ट्रॅक्टरवालाही सांगतो. मोजायचं कसं, यासाठी स्वतंत्र भारतीय मानक आहे, आयएस १२००. ते १९५८ मध्ये पहिल्यांदा आलं. त्यातला एक नियम मला फार आवडतो: प्लास्टर मोजताना अर्ध्या चौरस मीटरपर्यंतची खिडकी वजा करायची नाही. क्षुल्लक वाटतं, पण एकाने खिडक्या वजा केल्या आणि दुसऱ्याने नाही, तर दर सारखा असूनही बिलं वेगळी येणार.

आता पुन्हा आमच्या घरी. मी एक साधा तक्ता केला. आडव्या ओळींत कामं, उभ्या रकान्यांत ठेकेदार. फोन करून रिकाम्या जागा भरल्या. पहिल्याच्या ३,१०,००० मध्ये वॉटरप्रूफिंग (३८,०००), नळ-फिटिंगचं सामान (४५,०००) आणि राडारोडा उचलणं (१२,०००) धरलेलंच नव्हतं. ते मिळवल्यावर झाले ४,०५,०००. दुसऱ्याने फक्त राडारोडा सोडला होता, त्याचे ३,९७,०००. तिसऱ्याने मात्र आम्ही न सांगितलेलं गच्चीचं काम ७०,००० ला धरलं होतं. ते काढलं तर ३,९०,०००. सगळ्यात महाग दिसणारा सगळ्यात स्वस्त निघाला!

बाबांनी तक्ता नीट वाचला आणि दुसऱ्याला काम दिलं. म्हणाले, "सात हजाराचा फरक आहे. हा माणूस शेजारच्या गल्लीत राहतो, पाणी गळलं तर रविवारीही येईल." तक्त्यात हा रकाना मी ठेवलाच नव्हता. पण आधी फरक सात हजारांचाच आहे हे कळलं, म्हणून तर त्यांना तसा निर्णय घेता आला.

तुम्ही साहित्य-आढावा लिहायला बसाल तेव्हा दहा पेपरांतले दहा आकडे एका तक्त्यात मांडाल. त्याआधी दोन रकाने जास्तीचे काढा: 'कशात मोजलं' आणि 'काय धरलं नाही'. माझ्या पहिल्या आढाव्यात हे दोन्ही रकाने नव्हते, आणि गाईडने तो तक्ता परत पाठवला होता. तेव्हा राग आला होता. आता बाबांचे फोटो पाहिल्यावर कळतंय की त्यांनी मला ॲडव्हान्स देण्याआधी थांबवलं होतं.