सर्वांना चालणारा उमेदवार

मांजरीच्या श्रोत्यांपुढे राष्ट्रपतींच्या निवडणुकीविषयी बोलावे, हे प्रथमदर्शनी जरा दूरचे वाटेल. राष्ट्रपतींना मत देण्याचा अधिकार आपणांपैकी कोणालाच नाही. तो संसदेच्या व विधानसभांच्या निवडून आलेल्या सभासदांना आहे. तथापि या प्रकाराची मांजरीकरांना ओळख नाही असे मात्र नाही. २०२१ च्या जूनअखेर हे गाव पुणे महापालिकेत गेले. तोवर येथे ग्रामपंचायत नांदत होती. जुन्या रीतीप्रमाणे सरपंच निवडायचा तो पंचायतीच्या सभासदांनी. अशा निवडणुकीत काय होते, हे खेड्यात वाढलेल्या माणसाला सांगावे लागत नाही. दोन तालेवार माणसे समोरासमोर ठाकतात. एकमेकांना पाडण्याइतके बळ दोघांतही असते, निवडून येण्याइतके कोणातच नसते. आणि मग रात्री उशिरा तिसरेच एक नाव निघते. "याला कोणाची हरकत नाही ना? मग होऊन जाऊ द्या." दुसऱ्या दिवशी गुलाल उधळला जातो, पण उधळणाऱ्याच्या हातात जोर नसतो.

हा जो सर्वांना चालणारा आणि कोणालाच फारसा न भावणारा उमेदवार, त्याचा इतिहास आज आम्हांला सांगावयाचा आहे. त्यासाठी तीन निवडणुका आम्ही घेतल्या आहेत : १९६९, १९७७ आणि २००७. तिन्हींत मराठी माणसांचा हात आहे, आणि दोहोंत मराठी माणसे स्वतः उमेदवार होती.

प्रथम पद्धत समजून घेऊ. राष्ट्रपतींच्या निवडणुकीत एका सभासदाचे एक मत असे मोजत नाहीत. प्रत्येक राज्याच्या लोकसंख्येप्रमाणे आमदाराच्या मताला किंमत असते. महाराष्ट्राच्या आमदाराचे मत आज १७५ चे धरतात. २००७ साली खासदाराचे मत ७०८ चे होते. शिवाय मतदार नुसती फुली मारीत नाही. पहिली पसंती, दुसरी पसंती असे आकडे घालतो. पहिल्या मोजणीत कोणाला निम्म्याहून अधिक मते मिळाली नाहीत, तर तळाच्या उमेदवारांना एकेक करून बाद करतात व त्यांच्या मतपत्रिकांवरील पुढची पसंती ज्याची त्याला देतात. म्हणजे नावडता नसणे हाही येथे एक गुण ठरतो. या गुणाचीच परीक्षा १९६९ साली झाली.

त्या वर्षी ३ मे रोजी राष्ट्रपती झाकिर हुसेन वारले. जुलैमध्ये बंगलोर येथे काँग्रेसच्या संसदीय मंडळाची बैठक भरली. पंतप्रधान इंदिरा गांधींना जगजीवनराम हवे होते. मंडळातील बहुमताने लोकसभेचे सभापती नीलम संजीव रेड्डी यांचे नाव ठरविले. आपले यशवंतराव चव्हाण त्या वेळी गृहमंत्री होते, आणि त्यांचे मत रेड्डींच्या बाजूने पडले. रेड्डी हे अनुभवी गृहस्थ. आंध्र प्रदेशाचे पहिले मुख्यमंत्री. पण त्यांचे नाव निघाले ते त्यांच्यावर कोणाची भक्ती होती म्हणून नव्हे, तर पंतप्रधानांना आवर घालील असे माणूस पक्षश्रेष्ठींना हवे होते म्हणून. हंगामी राष्ट्रपती वराहगिरी वेंकटगिरी यांनी २० जुलै रोजी राजीनामा दिला व ते अपक्ष म्हणून उभे राहिले. मतदानाच्या तोंडावर पंतप्रधानांनी आपल्या सभासदांना पक्षाचा हुकूम बाजूला ठेवून विवेकबुद्धीप्रमाणे मत देण्याची मोकळीक मागितली.

तिसरे उमेदवार होते चिंतामणराव देशमुख. त्यांना स्वतंत्र पक्ष व जनसंघ यांचा पाठिंबा होता. कुलाबा जिल्ह्यातला हा मुलगा मॅट्रिकला संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळवून पुढे गेला, १९४३ साली रिझर्व्ह बँकेचा पहिला भारतीय गव्हर्नर झाला, १९५० साली देशाचा अर्थमंत्री झाला, आणि १९५६ साली मुंबईच्या प्रश्नावर ते मंत्रिपद सोडून मोकळा झाला. मेघदूताचे त्यांनी मराठी रूपांतर केले होते. विद्यापीठ अनुदान मंडळ, दिल्ली विद्यापीठ, मॅगसेसे पारितोषिक, सर्व काही त्यांच्या नावापुढे होते. गुणांच्या तागडीत त्या साली त्यांच्या तोलाचा दुसरा उमेदवार नव्हता, असे आमचे मत आहे.

१६ ऑगस्टला मतदान झाले. पहिल्या पसंतीची किंमत अशी : गिरी ४,०१,५१५, रेड्डी ३,१३,५४८, देशमुख १,१२,७६९. विजयाला ४,१८,१६९ हवी होती. कोणीच तेथवर पोहोचले नव्हते. मग खालच्या उमेदवारांच्या पुढच्या पसंत्या मोजल्या. शेवटी गिरी ४,२०,०७७ वर पोहोचले आणि रेड्डी ४,०५,४२७ वर थांबले. या दुसऱ्या टप्प्यात गिरींना साडेअठरा हजारांची भर पडली. रेड्डींना जवळजवळ ९२ हजारांची. सत्त्याऐंशी हजारांची आघाडी पावणेपंधरा हजारांच्याही आत आली. म्हणजे देशमुखांना मते देणाऱ्या पुष्कळांनी दुसरी पसंती रेड्डींना दिली होती, आणि त्यांतही रेड्डींवरील प्रेमापेक्षा पंतप्रधानांना होणारा विरोध अधिक होता.

येथे थांबून एक गोष्ट ध्यानात घ्यावी. विद्वत्ता, चारित्र्य, त्याग या तिन्ही बाबतींत नाव घ्यावे असा उमेदवार तिसऱ्या क्रमांकावर राहिला. कारण त्याच्या मागे गट नव्हता. राजीनामा देणाऱ्या माणसाचा जनता सत्कार करते, परंतु राजकीय पक्ष त्याच्याकडे जरा बिचकूनच पाहतात. ज्याने एकदा पद सोडले, तो पुन्हा सोडणार नाही कशावरून?

आता आठ वर्षे पुढे येऊ. १९७७ च्या फेब्रुवारीत राष्ट्रपती फक्रुद्दीन अली अहमद वारले, मार्चमध्ये सत्तांतर झाले, जनता पक्ष दिल्लीत आला. पंतप्रधान मोरारजी देसाईंच्या मनात नृत्यकलेच्या थोर उपासक रुक्मिणीदेवी अरुंडेल यांचे नाव होते. त्या बाईंनी ते नाकारले. मग पुन्हा पुढे आले कोण? तेच संजीव रेड्डी! छत्तीस अर्ज छाननीत बाद झाले आणि सदतिसावा, म्हणजे रेड्डींचा, बिनविरोध निवडून आला. ज्या माणसाच्या नावावरून १९६९ साली काँग्रेससारखी संस्था दुभंगली, त्याच माणसाच्या नावाला १९७७ साली कोणीही हरकत घेतली नाही. माणूस तोच होता. बदलले होते ते भोवतालचे गणित. उमेदवार स्फूर्तिदायक की निरस, हा गुण पुष्कळदा उमेदवाराचा नसून त्याला उभे करणाऱ्यांच्या गरजेचा असतो, हे या एका उदाहरणावरून पुरते स्पष्ट व्हावे.

तिसरी निवडणूक २००७ ची. आधीच्या पाच वर्षांत अब्दुल कलाम यांनी त्या पदाला शाळकरी मुलांपर्यंत नेऊन पोहोचविले होते. त्यांच्यानंतर येणारा कोणीही माणूस फिकाच दिसणार होता. काँग्रेसने प्रथम लातूरच्या शिवराज पाटलांचे नाव पुढे केले. डाव्या पक्षांनी ते मानले नाही. मग १४ जून रोजी जळगाव जिल्ह्यातील नाडगावात जन्मलेल्या प्रतिभाताई पाटील यांचे नाव जाहीर झाले. त्या वेळी त्या राजस्थानच्या राज्यपाल होत्या. विरुद्ध बाजूला होते उपराष्ट्रपती भैरोसिंह शेखावत, ज्यांनी २००२ साली उपराष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत सोलापूरच्या सुशीलकुमार शिंद्यांना ४५४ विरुद्ध ३०५ मतांनी हरविले होते. शिवसेना विरोधी आघाडीत असूनही मराठी उमेदवार म्हणून तिने प्रतिभाताईंना मते दिली. निकाल लागला तो ६,३८,११६ विरुद्ध ३,३१,३०६.

त्या वेळी सुशिक्षितांच्या बैठकीत नाके मुरडली गेली. "याहून मोठे नाव सापडले नाही काय?" असे विचारले गेले. परंतु १९६२ साली विधानसभेत शिरलेली, राज्यसभेची उपसभापती झालेली, लोकसभेत अमरावतीची प्रतिनिधी राहिलेली बाई ही काही अननुभवी नव्हे. एखाद्या पुरुषाच्या नावापुढे इतका अनुभव असता तर आपण त्याला मुरब्बी म्हटले असते. शिवाय या पदावर बसलेली ती पहिली स्त्री. आपल्या शेजारच्या लोहगावच्या विमानतळावरून २५ नोव्हेंबर २००९ रोजी, वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी, त्यांनी सुखोई विमानातून उड्डाण केले. नाके मुरडणाऱ्यांनाही ते चित्र विसरता आलेले नाही. तथापि त्यांची निवड कशी झाली, हा प्रश्न त्याने सुटत नाही. पहिले नाव एकाला नको, म्हणून दुसरे. सरपंचाच्या निवडीतली रात्र दिल्लीतही तशीच सरते.

हे आपल्याच देशात घडते असे समजून कोणी खिन्न होऊ नये. ब्रिटिश लेखक जेम्स ब्राइस याने अमेरिकेवर १८८८ साली लिहिलेल्या ग्रंथात, थोर माणसे तेथे अध्यक्ष का होत नाहीत, या प्रश्नासाठी एक स्वतंत्र प्रकरणच खर्ची घातले. त्याच्या कारणांपैकी एक आम्हांला फार मार्मिक वाटते : नामांकित मनुष्य अप्रसिद्ध माणसापेक्षा शत्रू अधिक जोडतो. १८८० साली रिपब्लिकन पक्षाला छत्तिसाव्या फेरीत गारफील्ड सापडला. १९२४ साली डेमोक्रॅटिक पक्षाला आपला उमेदवार ठरवावयास १०३ फेऱ्या लागल्या, आणि इतके करून निवडलेले जॉन डेव्हिस निवडणुकीत साफ पडले. तेथे निदान शेवटी सामान्य मतदारापुढे जावे लागते. आपल्याकडे ती अडचणही नाही.

यावर कोणी म्हणेल, राष्ट्रपतींना करावयाचे असते तरी काय? मंत्रिमंडळ सांगेल तेथे सही करावयाची. मग माणूस तेजस्वी असला काय आणि बेताचा असला काय! हा युक्तिवाद वर्षाचे तीनशे चौसष्ट दिवस खरा असतो. खोटा ठरतो तो उरलेल्या एका दिवशी.

२५ जून १९७५ ची रात्र तशीच होती. आणीबाणीच्या घोषणेचा कागद राष्ट्रपतिभवनात आला, तेव्हा मंत्रिमंडळाने तो पाहिलाही नव्हता. फक्रुद्दीन अली अहमद यांनी सही केली. १९७४ साली ते ७,६५,५८७ विरुद्ध १,८९,१९६ अशा प्रचंड फरकाने निवडून आले होते. पण ते बळ त्या रात्री एक प्रश्न विचारण्याच्याही उपयोगी पडले नाही.

दुसरा दिवस १९७९ च्या ऑगस्टमधला. मोरारजींचे सरकार गेले होते. चरणसिंग पंतप्रधान आणि यशवंतराव चव्हाण उपपंतप्रधान झाले होते. लोकसभेला सामोरे न जाताच चरणसिंगांनी २० तारखेला राजीनामा दिला. जनता पक्षाचे नेते आपल्याला संधी मिळावी म्हणून राष्ट्रपतींकडे गेले. ते नेते होते जगजीवनराम, आणि राष्ट्रपती होते संजीव रेड्डी! दहा वर्षांपूर्वी बंगलोरच्या बैठकीत ही दोन नावे एकमेकांसमोर होती. रेड्डींनी संधी दिली नाही. २२ ऑगस्टला लोकसभा विसर्जित केली. तो निर्णय योग्य की अयोग्य यावर आजही वाद होतो, आणि त्यात आम्ही येथे शिरत नाही. कोणालाही हरकत नसलेला माणूस म्हणून निवडलेल्या राष्ट्रपतीने देशाचे सरकार कोणते असावे हे ठरविण्याच्या जागी येऊन बसावे, एवढेच आम्हांला दाखवावयाचे आहे.

तिसरे उदाहरण उलट बाजूचे. १९८२ साली ग्यानी झैलसिंग निवडून आले ते पंतप्रधानांच्या शब्दाबाहेर न जाणारे म्हणून. त्यांच्याविरुद्ध उभे राहिलेले न्यायमूर्ती हंसराज खन्ना हे आणीबाणीत व्यक्तिस्वातंत्र्याच्या बाजूने एकटे निकाल देणारे पुरुष. खन्ना हरले. परंतु याच झैलसिंगांनी पुढे लोकांची पत्रे उघडण्याची मुभा सरकारला देणाऱ्या पोस्टाच्या विधेयकावर सहीच केली नाही. नाव ठरविणाऱ्यांचा हिशेब तेव्हा चुकला, आणि तो चुकला हे देशाचे भाग्य.

यावरून आम्ही काय म्हणतो? बेताचा दिसणारा उमेदवार वाईटच निघतो असे नाही, आणि तेजस्वी उमेदवार पडला म्हणजे देश बुडाला असेही नाही. आमचा आक्षेप व्यक्तीवर नसून निवडीच्या वेळी विचारल्या जाणाऱ्या प्रश्नावर आहे. "याला कोणाची हरकत आहे?" एवढेच विचारले जाते. "अडचणीच्या रात्री कागद समोर आला, तर हा माणूस तो वाचील काय, एखादी शंका काढील काय?" हे कोणी विचारीत नाही. देशमुखांविषयी हा प्रश्न विचारता आला असता. १९५६ साली त्यांनी त्याचे उत्तर देऊन ठेवले होते. बहुधा तेच त्यांच्या आड आले.

या परिसरात द्राक्षाचे मळे पाहिलेल्यांना ठाऊक आहे की द्राक्षाची काडी गोड जातीची घेतात, पण ती बांधतात रानटी खुंटावर. कारण पाणी खारे झाले, जमीन तापली, तर वेल तगतो तो खुंटाच्या जोरावर. खुंटाला कोणी बाजारात नेत नाही, पण बागाईतदार तो पारखूनच घेतो. राष्ट्रपतिपद हे राज्याच्या खुंटासारखे आहे. तो शोभिवंत नसला तरी चालेल. मात्र आतून किडका नाही ना, हे लावण्यापूर्वी पाहिले पाहिजे. ते पाहणे खासदार-आमदारांच्या हाती आहे, आणि खासदार-आमदार आपल्या हाती आहेत. पुढल्या खेपेला ते मते मागावयास मांजरीत येतील, तेव्हा रस्त्याच्या व पाण्याच्या प्रश्नाबरोबर हाही एक प्रश्न त्यांना कोणी विचारला, तर आजचे आमचे बोलणे वाया गेले नाही असे आम्ही समजू.