मुळगावकरांची मुखपृष्ठे

रहस्यकथा वाचतो असे उघडपणे सांगावयास आपला सुशिक्षित वर्ग फार काळ संकोचत आला. मग तिच्या मुखपृष्ठाकडे कलाकृती म्हणून पाहणे दूरच राहिले. बाबूराव अर्नाळकरांनी एक हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. त्यांच्या झुंजार, काळापहाड ह्या नायकांना वाचकांच्या मनात जे दृश्य रूप लाभले, ते पुष्कळ अंशी रघुवीर मुळगावकरांच्या हातचे होय. लेखकाचा विचार थोडाबहुत तरी झाला. चित्रकार मात्र देवादिकांच्या कॅलेंडरांपुरताच स्मरणात आहे.

मुळगावकर (१९१८-१९७६) मूळचे गोमंतकीय. रंगाचे सूक्ष्म तुषार हवेच्या दाबाने कागदावर सोडणारे स्प्रेचे यंत्र, हे त्यांचे मुख्य साधन. त्यात कुंचल्याचा फटकारा दिसत नाही. छटेतून छटा नकळत उमलते. ह्याच साधनाने त्यांनी देवतांच्या मुखावर तेज आणले आणि रहस्यकथेच्या नायकामागे अंधार दाटविला. भक्ती व भय ह्या दोहोंना एकच तंत्र पुरावे, ही मला त्यांच्या कामातील सर्वांत विलक्षण गोष्ट वाटते. दोष नाहीत असे नव्हे. त्यांच्या नायिका बहुधा एकाच मुखवट्याच्या असतात, आणि तो गोडवा कधीकधी प्रसंगाचे गांभीर्यच नाहीसे करतो. ह्या बाबतीत दीनानाथ दलाल (१९१६-१९७१) अधिक संयमी. तेही गोमंतकीयच; १९४५ साली ‘दीपावली’ काढणाऱ्या दलालांची रेषा थोडक्यात पुष्कळ सांगते. परंतु फलाटावरच्या पुस्तकविक्रेत्यापुढे क्षणभर थांबलेल्या उतारूचे पाऊल अडकवावयाचे, तर मुळगावकरांचा झगझगाटच हवा!

अमेरिकेत व्हर्जिल फिनले ह्या चित्रकाराने १९३५ पासून ‘विअर्ड टेल्स’ मासिकात चित्रे काढली. तेथील कागद लाकडाच्या लगद्याचा, खरबरीत. त्यावर छाया नीट उमटत नसे. म्हणून त्याने लेखणीच्या टोकाने असंख्य ठिपके देऊन छायेचा आभास निर्माण केला. एकाचे ठिपके हाताचे, दुसऱ्याचे यंत्राचे, हेतू एकच. फिनलेच्या चित्रांचे पुढे संग्रह निघाले, आणि त्याची मूळ चित्रे रसिक जपून ठेवतात.

आपल्याकडे काय झाले? फिरत्या वाचनालयांनी पुस्तके टिकावी म्हणून पुठ्ठा बांधला, आणि बांधणाऱ्याने मुखपृष्ठ काढून टाकले! मजकूर राहिला, चित्र गेले. निगडी गाव जुने. पण येथील बरीचशी वस्ती १९७२ साली प्राधिकरण स्थापन झाल्यानंतरची. बाहेरगावाहून आलेल्या कुटुंबांनी ट्रंकांतून जे अंक आणले, ते आता नातवंडांच्या हाती आहेत. आणि सदनिकेत माळा नसतो. मुळगावकरांच्या मुखपृष्ठांची प्रकाशकवार व वर्षवार यादी करावयाची, तर ती अशाच घरांतून सुरू करावी लागेल, आणि तीही रद्दीवाला येऊन जाण्यापूर्वी.