मध्यरात्रीचं नागपूर आणि चार विमानं



आपल्या सोसायटीच्या पंचवीस वर्षांचा इतिहास या स्मरणिकेत इतर मंडळी लिहितीलच. मी जरा जुना आणि थोडा विसरला गेलेला इतिहास सांगणार आहे. तो घडला आपल्या सौंदडपासून शंभर-सव्वाशे किलोमीटरवर, नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर. तेव्हा विमानं पंख्याची होती, म्हणजे प्रोपेलरची. आणि त्या काळात जवळजवळ चोवीस वर्षं भारताच्या टपालाचा मध्यबिंदू आपलं नागपूर होतं.

आधी टपाल, मग माणसं

आज विमान म्हटलं की तिकीट, बॅग आणि खिडकीची सीट आठवते. पण विमान कंपन्यांची सुरुवात जगात बऱ्याच ठिकाणी पत्रांनी झाली. प्रवासी मिळतील की नाही याचा भरवसा नव्हता, टपालाचं काम मात्र सरकारकडून ठरलेलं मिळायचं. फ्रान्सच्या वैमानिकांनी दक्षिण अमेरिकेत रात्री-अपरात्री अँडीज पर्वत ओलांडून पत्रं पोचवली. पत्रं घेऊन जाणारं जगातलं पहिलं अधिकृत विमान तर आपल्याच देशात उडालं. १८ फेब्रुवारी १९११ रोजी अलाहाबादहून यमुनेपलीकडच्या नैनीपर्यंत सुमारे साडेसहा हजार पत्रं गेली. वैमानिक होता आंरी पेके नावाचा फ्रेंच तरुण.

पुढे १५ ऑक्टोबर १९३२ ला जे. आर. डी. टाटांनी कराचीहून एक छोटं विमान उडवलं आणि अहमदाबादमार्गे मुंबईच्या जुहूला उतरवलं. सोबत सुमारे पंचवीस किलो टपाल होतं. अहमदाबादला विमानात भरायचं इंधन डब्यांतून आलं आणि ते डबे आणले बैलगाडीनं! त्यांचे सहकारी नेव्हिल व्हिन्सेंट यांनी ते टपाल पुढे मद्रासला नेलं. त्यातूनच टाटा एअरलाइन्स उभी राहिली आणि १९४६ मध्ये तिचं नाव एअर इंडिया झालं.

युद्ध संपलं, डकोटा उरल्या

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेनं डकोटा विमानं हजारोंनी बनवली. दोन इंजिनं, दोन पंखे, प्रवासी साधारण एकवीस, वेग ताशी पावणेतीनशे किलोमीटरच्या आसपास. युद्ध संपल्यावर भारतात उरलेली विमानं स्वस्तात विकायला निघाली. मग काय, कंपन्यांची रांगच लागली. हैदराबादची डेक्कन एअरवेज, बिजू पटनायकांची कलिंगा एअरलाइन्स, हिमालयन एव्हिएशन, भारत एअरवेज अशी कितीतरी नावं आली. विमानं झाली भरपूर, पण प्रवासी कुठून आणायचे? भाडं परवडणारे लोक मोजकेच. बऱ्याच कंपन्या तोट्यात गेल्या. १९५० मध्ये न्यायमूर्ती राजाध्यक्ष यांच्या समितीनं या धंद्याची चौकशी केली, तेव्हाही हेच दिसलं की कामापेक्षा कंपन्या जास्त झाल्या आहेत.

याच दिवसांत दळणवळण खात्याचे मंत्री होते रफी अहमद किडवई. विमानं आहेत, रात्री ती रिकामी उभी असतात, आणि देशात पत्र पोचायला कित्येक दिवस लागतात. या तिन्ही गोष्टींची सांगड घातली गेली, आणि ३० जानेवारी १९४९ ला रात्रीची विमान टपाल सेवा सुरू झाली.

योजना कशी होती?

मुलांनो, एक कागद घ्या आणि त्यावर भारताचा नकाशा काढा. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास असे चार ठिपके द्या. आता प्रत्येक शहर दुसऱ्या प्रत्येक शहराशी थेट जोडा. सहा रेषा लागतील. मध्ये नागपूरचा ठिपका देऊन चारही शहरं फक्त त्याला जोडली, तर चार रेषांत काम भागतं. विमान उडवायला पैसा लागतो, त्यामुळे दोन रेषा वाचणं ही मोठी गोष्ट होती.

रोज रात्री चार शहरांतून एकेक विमान निघायचं आणि तीन-साडेतीन तासांत नागपूरला यायचं. मध्यरात्रीनंतर सोनेगावच्या दिव्यांखाली चारही विमानं उभी राहत. थैल्यांची अदलाबदल होई. दिल्लीच्या विमानातली मद्रासची थैली मद्रासच्या विमानात, मुंबईची मुंबईच्या. सोबत थोडे प्रवासीही असत, तेही इथंच विमान बदलत. मग चारही विमानं आपापल्या गावी परत, तेही उजाडायच्या सुमारास. संध्याकाळी दिल्लीत टाकलेलं पत्र सकाळी मद्रासला!

यात एक मेख होती. एका विमानाला उशीर झाला की बाकी तिघांना थांबावं लागायचं. सोसायटीचं काम ज्यांनी केलंय त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. एकाचा मेन्टेनन्स थकला की टाकीचं काम सगळ्यांचंच अडतं!

आणि खरी मोठी गोष्ट पुढेच झाली. १ एप्रिल १९४९ पासून देशातली साधी पत्रं जादा तिकीट न लावता विमानानं न्यायचं ठरलं. विमानानं पत्र पाठवणं ही श्रीमंतांची चैन उरली नाही. विमानात बसणं ज्याच्या स्वप्नातही नव्हतं, त्याचं पत्र विमानातून जाऊ लागलं. सौंदड तेव्हा मध्यप्रांतातल्या भंडारा जिल्ह्यात होतं. नागपूरपासून पुढे टपाल रेल्वेनं गोंदियाला, आणि तिथून छोट्या लाइनच्या गाडीनं आपल्या भागात येई. नागपूरपर्यंतचा वेळ वाचला, हे काही कमी नव्हतं.

याची किंमत

हे सगळं सुरळीत चाललं असं समजू नका. ज्या कंपनीनं सेवा सुरू केली ती काही महिन्यांतच बंद पडली. मग त्याच वर्षी हिमालयन एव्हिएशननं काम हाती घेतलं. १ ऑगस्ट १९५३ ला आठ कंपन्या एकत्र करून सरकारनं इंडियन एअरलाइन्स स्थापन केली आणि ही जबाबदारी तिच्याकडे आली.

डकोटा फार उंच जाऊ शकत नसे, कारण आतली हवा दाबाखाली ठेवायची सोय तिच्यात नव्हती. पावसाळ्यातले ढग टाळून वर जाता येत नव्हतं, त्यांच्यातूनच जावं लागायचं. खाली काळोखी जंगलं आणि दिशा सांगायला रेडिओ. असं रोज रात्री.

१२ डिसेंबर १९५३ रोजी यातलंच एक विमान सोनेगावहून उडाल्यावर लगेच कोसळलं. तेरा जण गेले, वैमानिक तेवढा वाचला. गेलेल्यांत कानपूरचे कामगार नेते आणि लोकसभेचे सदस्य हरिहरनाथ शास्त्री होते. सेवा त्यानंतरही चालू राहिली. वेळेवर मिळालेल्या पत्रामागे कुणाची तरी रात्र आणि कधी कुणाचा जीवही गेलेला असे, हे पत्र वाचणाऱ्याला ठाऊक नसायचं.

पुढे काय झालं?

डकोटानंतर चार इंजिनांची स्कायमास्टर आणि व्हायकाउंट ही विमानं आली. १९६४ मध्ये इंडियन एअरलाइन्सकडे कॅराव्हेल हे जेट आलं. जेट दिवसाच एका शहरातून दुसऱ्या शहरात थेट आणि झपाट्यानं जाऊ लागलं, तेव्हा मध्ये भेटायची गरज कमी होत गेली. १९७३ च्या सुमारास तेलाचे भाव भडकले आणि नागपूरची रात्रीची सेवा बंद झाली. गंमत बघा, त्याच १९७३ मध्ये अमेरिकेत मेम्फिस शहरात फेडेक्स कंपनीनं काम सुरू केलं. सगळी विमानं रात्री एका मधल्या शहरात आणायची, पार्सलं बदलायची आणि पहाटे परत पाठवायची, अशी तिची पद्धत. व्यवस्थापनाच्या वर्गांत तिचे धडे शिकवतात. आपल्या नागपूरनं हेच काम त्याआधी चोवीस वर्षं केलं होतं, पण त्याची आठवण फारसं कुणी काढत नाही.

पंख्याचं विमान आपल्या जिल्ह्यातून मात्र गेलेलं नाही. गोंदियाजवळ बिरसीला महायुद्धाच्या काळात इंग्रजांनी बांधलेली धावपट्टी आहे. आज तिथं वैमानिक घडवणारी संस्था आहे आणि तिची छोटी विमानं प्रोपेलरचीच आहेत. मार्च २०२२ मध्ये बिरसीहून इंदूर आणि हैदराबादसाठी प्रवासी सेवा सुरू झाली, तेव्हा आलेलं एटीआर विमानही दोन पंख्यांचंच होतं. जवळच्या पल्ल्याला ते आजही परवडतं.

शेवटी एक विनंती. आपल्यापैकी बऱ्याच घरांत आजी-आजोबांच्या ट्रंकेत जुनी पत्रं असतील. कुणाचा मुलगा फौजेत होता, कुणाचा दिल्लीत नोकरीला. १९४९ ते १९७३ मधलं, दिल्ली किंवा मद्रासचा शिक्का असलेलं पाकीट सापडलं, तर ते बहुधा एका मध्यरात्री नागपुरात विमानातून उतरलेलं असेल. ते टाकून देऊ नका. नातवंडांना दाखवा आणि महोत्सवाच्या दिवशी सोबत आणा. सभागृहातल्या एका टेबलावर मांडून ठेवता येतील.