फासा पडला, समोर कोण? लष्करी टेबलटॉप गेममधली 'अचानक गाठ' कशी रचायची, गडचिरोलीच्या जंगलातून समजून घ्या

आपल्याकडे 'एन्काउंटर' म्हटलं की पोलीस, पिस्तूल आणि हिंदी सिनेमा डोळ्यांसमोर येतो. टेबलटॉप रोलप्लेइंग गेम खेळणाऱ्यांच्या तोंडी मात्र या शब्दाचा अर्थ बराच साधा आहे: वाटेत कुणाशी तरी पडलेली गाठ. चार-पाच मित्र टेबलाभोवती बसतात, प्रत्येक जण एक पात्र घेतो आणि एक जण सूत्रधार होऊन जग चालवतो. प्रवासात काय आडवं येईल हे सूत्रधारही ठरवत नाही. तो फासा टाकतो आणि आधी बनवलेल्या तक्त्यात बघतो. यालाच रँडम एन्काउंटर म्हणतात.

लष्करी गेममध्ये हाच तक्ता सगळ्यात जास्त फसतो. कसा, ते पाहूया.

ही पद्धत आली कुठून?

मूळ खरोखरच लष्करी आहे. प्रशियाचा अधिकारी राइसविट्झ याने १८२४ साली 'क्रिग्सश्पील' या युद्धखेळाचे नियम प्रसिद्ध केले. त्यात नकाशा होता, नुकसान ठरवायला फासे होते आणि मध्ये एक पंच होता. तुमच्या तुकडीला जेवढं दिसू शकतं तेवढंच तो पंच तुम्हाला सांगायचा. पुढे युद्धखेळांच्याच छंदातून १९७४ साली 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' आला, तो भटक्या राक्षसांचे तक्ते घेऊन. १९८४ च्या 'ट्वायलाइट २०००' मध्ये तिसऱ्या महायुद्धानंतर पोलंडमध्ये अडकलेले सैनिक होते. राक्षस गेले, तक्ता राहिला.

मग चूक कुठे होते?

गणित करून बघा. दर ६ तासांनी एक फासा टाकायचा, १ पडला तर गाठ, असा नियम धरा. दिवसात चार फासे, म्हणजे किमान एक गाठ पडण्याची शक्यता साधारण ५२ टक्के. चार दिवसांच्या पायी गस्तीत ती ९५ टक्क्यांवर जाते आणि सरासरी अडीच-पावणेतीन गाठी पडतात. प्रत्येक गाठ म्हणजे गोळीबार असेल तर तुकडी परत येणारच नाही. आली तरी खेळाडूंना तिसऱ्या चकमकीपर्यंत कंटाळा आलेला असेल.

आता खरं जंगल घ्या. गडचिरोली जिल्हा १९८२ साली चंद्रपूरमधून वेगळा झाला. जवळपास ७० टक्के भाग जंगलाचा, वैनगंगा-प्राणहिता-इंद्रावतीच्या खोऱ्यांतला. माओवाद्यांशी लढण्यासाठी इथे १९९० साली सी-६० हे पोलीस पथक उभं राहिलं. सुरुवातीला ६० जवान होते, म्हणून ते नाव. हे जवान कित्येक दिवस पायी गस्त घालतात आणि त्यातले बहुतेक दिवस एकही गोळी न झाडता जातात. या रिकाम्या वाटणाऱ्या दिवसांत जे भेटतं, ते तुमच्या तक्त्यात असायला हवं.

तक्ता कसा भरायचा?

एका फाशाऐवजी दोन फाशांची बेरीज घ्या. एका फाशावर सगळे आकडे सारखेच पडतात, दोनांच्या बेरजेत मधले आकडे जास्त येतात. ३६ पैकी १६ वेळा ६, ७ किंवा ८ येतं. तिथे माणसं ठेवा: गावकरी, गुराखी, आठवडी बाजाराला निघालेली कुटुंबं. ४, ५, ९, १० वर (३६ पैकी १४) जंगल स्वतः: चढलेला नाला, वाघाचे ताजे ठसे, ताप भरलेला सोबती, बंद पडलेला वायरलेस. ३ आणि ११ वर शत्रूच्या खुणा. प्रत्यक्ष सशस्त्र टोळी फक्त २ आणि १२ वर, म्हणजे १८ गाठींत एक. वरच्या हिशोबाने साधारण सात मोहिमांमागे एकदा. हे कमी वाटेल, पण त्यामुळेच प्रत्येक आवाजाला खेळाडू दचकतील.

तक्ता वर्षभर एकच ठेवू नका, ही माझी सगळ्यात आग्रहाची सूचना. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं वेचायला माणसं पहाटेच रानात जातात आणि फुलं नीट दिसावीत म्हणून झाडाखालचा पाचोळा जाळतात. दूर धूर दिसला तर तो मोहाखालचा आहे की कुणाच्या तळावरचा? खेळाडूंचा अर्धा तास या एका प्रश्नात जाईल. मे महिन्यात तेंदूपत्ता येतो. रानात मजूर असतात, ठेकेदाराची रोकड फिरते आणि त्या रोकडीवर माओवाद्यांची खंडणी ठरलेली असायची. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो, मग गेममध्येही मदत वेळेत पोहोचायला नको. जुलैअखेरचा माओवाद्यांचा शहीद सप्ताह आणि डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यातला पीएलजीए सप्ताह, या दिवसांत २ आणि १२ सोबत ३ आणि ११ सुद्धा टोळीला देऊन टाका. शक्यता तिपटीने वाढते. २०२१ पासून छत्तीसगडमार्गे आलेले रानटी हत्तीही या जंगलात आहेत. रात्रीच्या मुक्कामासाठी ते कुठल्याही टोळीइतके पुरेसे आहेत.

टोळी आलीच, तर?

'सहा बंदूकधारी' एवढं लिहून थांबू नका. आधी अंतर ठरवा. साग-बांबूच्या दाट रानात ते तीस-चाळीस पावलांवर येतं, नदीपात्रात दोनशेवर. मग आधी कुणी कुणाला पाहिलं हे ठरवा. त्यानंतर ते लोक त्या क्षणी काय करत होते ते: पाणी भरत होते, झोपले होते, जखमी माणसाला नेत होते की वाट बघत होते? शेवटी, त्यांना हवंय काय? बहुतेक वेळा त्यांनाही गुपचूप निघून जायचं असतं.

'वाट बघत होते' हे उत्तर मात्र फाशावर सोडू नका. १ मे २०१९ ची घटना आठवा. कुरखेडा तालुक्यात दादापूरजवळ आदल्या रात्री रस्त्याच्या कामावरची वाहनं जाळली गेली. तिकडे निघालेल्या जलद प्रतिसाद पथकाच्या खासगी गाडीखाली जांभुळखेड्याजवळ भूसुरुंगाचा स्फोट झाला. १५ पोलीस आणि गाडीचा चालक, असे १६ जण गेले. त्यात योगायोग काही नव्हता. सापळा सूत्रधाराने आधी रचायचा आणि त्याच्या खुणा ३ आणि ११ च्या खान्यांत पेरायच्या: उकरून परत दाबलेली माती, रोजची गुरं आज नसलेलं कुरण, नेहमी बोलणाऱ्या माणसाची नजर चुकवणं. खेळाडूंनी त्या वाचल्या तर वाचतील. एकही खूण न देता तुकडी उडवणारा सूत्रधार खेळाडूंचा विश्वास कायमचा गमावतो.

आणि मधली माणसं?

मधले आकडे माणसांना दिले खरे, पण ती बोलतील कोणत्या भाषेत? भामरागडकडे माडिया, सिरोंचात तेलुगू, चामोर्शी-मुलचेऱ्यात बंगालीही ऐकू येते. सी-६० मध्ये स्थानिक गोंडी-माडिया बोलणारी मुलं घेण्यामागे हेच मोठं कारण होतं. म्हणून पात्रं बनवतानाच विचारा, कोणाला कोणती भाषा येते? माडिया येणारा एक जण असेल तर ७ चा आकडा बातमी देतो. कुणालाच येत नसेल तर घाबरलेली शांतता.

आणखी एक कागद जवळ ठेवा, त्यावर 'मागे राहिलेले' असं लिहा. तुकडीने ज्या घरी पाणी मागितलं, ज्या गुराख्याला वाट विचारली, त्यांची नोंद त्यात करायची. तुकडी निघून जाते, तो माणूस तिथेच राहतो. गडचिरोलीत पोलिसांचा खबऱ्या ठरवून माओवाद्यांनी कित्येक गावकऱ्यांना मारलं आहे, तर टोळीला जेवण दिलं म्हणून पोलिसांच्या चौकशीचा ससेमिराही गावांच्या मागे लागला आहे. दोन सत्रांनंतर तुकडी त्याच गावी आली की हा कागद काढा आणि त्या प्रत्येक नावासाठी एक फासा टाका. १ आला तर ते घर बंद आहे. का, ते शेजारी सांगतील किंवा सांगणार नाहीत.

गावांची आणि माणसांची खरी नावं गेममध्ये वापरू नका. भूपती ऊर्फ मल्लोजुला वेणुगोपाल राव याने ६० साथीदारांसह गडचिरोलीत शस्त्रं खाली ठेवली ती ऑक्टोबर २०२५ मध्ये, म्हणजे हे सगळं कालपरवाचं आहे. तुमच्या टेबलावरच्या एखाद्याचा मामा तिथे पोलिसात असू शकतो किंवा कुणाचं गाव त्या यादीत असू शकतं. एक काल्पनिक तालुका काढा. नद्या, मोह, तेंदू आणि पूर खरे ठेवा. पहिल्या सत्राआधी दोन फाशांचा हा तक्ता एकट्यानेच वीसेक वेळा टाकून बघा. सलग तीन वेळा टोळी आली तर २ आणि १२ पैकी एक खाना हत्तींना देऊन टाका.